पाच लाखांत नवी छोटी गाडी घ्यावी की तीन-चार वर्षं वापरलेली मोठी?

सज्जनगडकर
राहणं साताऱ्यात. घरात चार माणसं, वर्षाचं रनिंग सहा-सात हजार किमी. महिन्यातून एकदा पुणे, बाकी गावातल्या गावात. बजेट ऑनरोड (कर-विमा सगळं धरून) सव्वापाच लाख, त्यातले चार लाख कर्ज. नवी अल्टो के१० / क्विड घ्यावी, की त्याच पैशात वापरलेली वॅगन-आर / टियागो? सीएनजीचा विचार करावा का? जाणकारांनी आकड्यांसकट सांगावे.

हिशेबी
गाडी किती वर्षं ठेवणार, यावर उत्तर आहे. आठ-दहा वर्षं ठेवणार असाल तर नवी घ्या. तीन-चार वर्षांत बदलायची असेल तर नवी घेऊ नका, पहिल्या वर्षांची किमतीतली घसरण तुम्ही भरता आणि फायदा पुढच्याला होतो.

आता ऑनरोडचा हिशेब. एक्स-शोरूम (वाहन कर-विमा सोडून) साडेचार लाख धरा. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला वाहन कर ११ टक्के, म्हणजे ४९,५००. नोंदणी फी ६००, कर्जाचा बोजा चढवायचे १,५००. विम्यात थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा) तीन वर्षांचा एकदम घ्यावाच लागतो: १००० सीसीच्या आत ६,५२१ अधिक जीएसटी. के१०चं इंजिन ९९८ सीसीचं, म्हणून ती यात बसते. टियागो ११९९ सीसीची, तिला १०,६४० पडतात. स्वतःच्या नुकसानीचा विमा मात्र एकच वर्षाचा घ्या आणि झीरो डेप (भागांची घट न कापणारा) घ्याच. नाहीतर बंपरसारख्या प्लास्टिक-रबराच्या भागांचे निम्मे पैसे तुमच्या खिशातून जातात.

शोरूमचा विमा घेण्याची सक्ती नाही. बाहेरचं कोटेशन दाखवलं की त्यांचा आकडा आपोआप खाली येतो. १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल तर तसं लिहून द्या, तो पुन्हा लावू देऊ नका. कोटेशनमध्ये 'हँडलिंग' नावाची ओळ दिसली तर खोडायला लावा. टेफ्लॉन, अंडरकोटिंग, सीट कव्हरचं 'पॅकेज' तर नकोच.

कर्ज: चार लाख, ९ टक्के, पाच वर्षं = हप्ता ८,३०३, व्याज सुमारे ९८ हजार. सात वर्षं केलीत तर हप्ता ६,४३६ दिसतो गोड, पण व्याज १ लाख ४० हजारांवर जातं.

पाना_दहा
सगळ्यात खालचं व्हेरिएंट घेऊ नका. एसी, पॉवर स्टिअरिंग, सेंट्रल लॉक यातलं काय नाही ते ब्रोशरमध्ये एकेक ओळ वाचून बघा. बाहेरून बसवताना ॲक्सेसरीवाला वायर सोलून जोड मारतो. पुढे पावसाळ्यात फ्यूज उडतो, वॉरंटीत गेलं की "वायरिंगला हात लागलाय" म्हणून परत पाठवतात. बसवायचंच असेल तर कपलरला कपलर जोडणारं किट मागा, वायर कापू देऊ नका.

दुसरं म्हणजे, कमी रनिंगच्या गाडीला किलोमीटर नाही, कॅलेंडर खातं. ऑइल आणि फिल्टर वर्षाला बदला, ५ हजारच किमी झाले असले तरी. गाडी तीन आठवडे उभी राहिली की बॅटरी बसू शकते. आठवड्यातून एकदा २०-२५ मिनिटं चालवून आणा, नुसती जागेवर सुरू ठेवून भागत नाही. उंदरांचं वायरी कुरतडणंही उभ्या गाडीतच जास्त.

सज्जनगडकर
धन्यवाद. घाटाचं काय? चार माणसं, एसी आणि पुण्याहून येताना खंबाटकी?

पाना_दहा
चढते, पण दुसऱ्या गिअरवर. ट्रकमागे वेग पडला की तिसऱ्यावर रेटू नका, इंजिन गुदमरतं आणि मग लोक अर्धा क्लच दाबून चालवतात, तिथेच क्लच प्लेट जळते. उतारावर ब्रेक सतत दाबण्यापेक्षा गिअर खाली घ्या. एएमटी (क्लच पेडल नसलेली, आपोआप गिअर बदलणारी) घेणार असाल तर चार माणसं बसवून चढावर थांबवून, पुन्हा निघून बघा. मॉलच्या पार्किंगमधली टेस्ट ड्राइव्ह काही सांगत नाही.

हिशेबी
सीएनजी: ७,००० किमी, पेट्रोलवर १७ चं ॲव्हरेज आणि १०४ रुपये दर धरला तर वर्षाला ४३ हजार. सीएनजीवर २६ किमी/किलो आणि ९० रुपये धरले तर २४ हजार. वर्षाला साडेअठरा-एकोणीस हजार वाचतात. गाडी ८५-९० हजारांनी महाग, कर थोडा कमी, म्हणजे पैसे वसूल व्हायला साडेचार वर्षं. डिकी जाते, दर तीन वर्षांनी टाकीची हायड्रो टेस्ट (दाब-चाचणी), शिवाय पंपावरची रांग. तुमच्या रनिंगला मी पेट्रोलच म्हणेन. के१०च्या पेट्रोल ॲव्हरेजचा कंपनीचा २४.३९ चा आकडा शहरात विसरा.

मागची_सीट
सगळे पैशांवरच बोलताहेत. ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या २०२३ च्या धडक-चाचणीत (पाचपैकी तारे) मोठ्यांच्या सुरक्षेसाठी के१० ला दोन तारे, वॅगन-आरला एक. टियागोला २०२० मध्ये चार. के१० ला आता सहा एअरबॅग मिळतात, चाचणी दोनवाल्या गाडीची होती हे खरं, पण एअरबॅगांनी सांगाडा बदलत नाही. महामार्गावर दर महिन्याला जाणार असाल तर वापरलेली टियागो माझ्या यादीत वर राहील.

हिशेबी
मुद्दा रास्त. मग वापरलेली घेताना एक लक्षात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी (सेस धरून) २९ वरून १८ टक्क्यांवर आला. विकणारा "नवी इतक्याला घेतली होती" म्हणेल, ती जुन्या कराची किंमत. तुलना आजच्या नव्या किमतीशी करा. गाडी नावावर करायचे फॉर्म २९-३०, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, आणि महाट्रॅफिक ॲपवर थकलेली ई-चलनं आधी बघा. विमा १४ दिवसांत नावावर करा. विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस (विम्याचा दावा न केल्याची सूट) तुम्हाला मिळत नाही.

पाना_दहा
बघायला जाल तेव्हा आधी फोन करून सांगा, इंजिन गार ठेवा म्हणून. बॉनेट आणि दारांच्या बोल्टांवरचा रंग उडालाय का, कार्पेटखाली ओल किंवा चिखल आहे का बघा. चारही टायरचे चार आकडी कोड जुळतात का पाहा (३२२५ म्हणजे २०२५ चा ३२ वा आठवडा). नव्या गाडीचंही हेच बघायचं, आणि पासिंगच्या आधी. आरसीवर उत्पादनाचा महिना छापून येतो, डिसेंबरची गाडी जानेवारीत घेतलीत तर विकताना ती एक वर्ष जुनी धरतात. घ्यायचीच असेल तर मोठी सूट घेऊनच.

सज्जनगडकर
टियागो दोन ठिकाणी बघून येतो. गार इंजिनचं आधीच सांगून ठेवलंय.