सी-सॅटचे उतारे आणि पेपरनंतरची जुळवाजुळव : तुमचे अनुभव लिहा

महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्व परीक्षेचा दुसरा पेपर, म्हणजे उतारे, गणित आणि तर्काचा सी-सॅट, संध्याकाळी 5 वाजता सुटतो आणि केंद्राच्या फाटकापासूनच उत्तरे जुळवायला सुरुवात होते. 80 प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्न उताऱ्यांवरचे असतात. पहिल्या, सामान्य अध्ययनाच्या पेपरचे उत्तर पुस्तक उघडून तपासता येते. उताऱ्यावरच्या प्रश्नाला मात्र त्या उताऱ्याखेरीज दुसरा पुरावा नसतो, आणि तो पुरावा समोर असूनही चांगले वाचणारी दोन मुले दोन वेगळ्या पर्यायांवर ठाम असतात. "झालेला पेपर विसरून जा" हा सल्ला सगळेच देतात. उताऱ्यांच्या बाबतीत मला तो पटत नाही, कारण आपण कसे वाचतो हे जितके या जुळवणीत कळते तितके दहा सराव पेपर सोडवूनही कळत नाही. आपापले अनुभव सविस्तर लिहावेत, ही विनंती.

सांगली जिल्हा, सध्या पुणे

नवी पेठेतल्या अभ्यासिकेत आम्ही चौघे सराव पेपर एकत्र सोडवायचो आणि रात्री मेसवरून आल्यावर उत्तरे जुळवायचो. एका उताऱ्यात दोन वाक्ये लागोपाठ होती : तालुक्यातल्या विहिरींची पातळी दहा वर्षांत खाली गेली, आणि त्याच काळात उसाखालचे क्षेत्र वाढले. या उताऱ्यावरून कोणता निष्कर्ष निघतो, असा प्रश्न होता. एका पर्यायात उसामुळे पाणी आटले असे म्हटले होते. दुसऱ्यात दोन्ही बदल एकाच काळात घडले, एवढेच. माझ्या आणि माझ्या कोल्हापूरच्या मित्राच्या घरी ऊस आहे, त्यामुळे आम्हाला पहिला पर्याय इतका उघड वाटला की पुढचे पर्याय आम्ही नीट वाचलेही नव्हते. आमच्यातला नांदेडचा मुलगा संख्याशास्त्राचा पदवीधर. त्याने वाद घातला नाही. त्याने पेन्सिलीचे टोक त्या दोन वाक्यांच्या मधल्या पूर्णविरामावर ठेवले आणि "एकामुळे दुसरे झाले असे इथे कुठे लिहिले आहे, ते दाखव" एवढेच म्हणाला. आम्हाला ते दाखवता आले नाही.

त्यानंतर आम्ही पर्यायाचा क्रमांक आधी सांगणे बंद केले. आधी उताऱ्यातली ओळ मोठ्याने वाचायची, मग त्या ओळीवरून कोणता पर्याय निघतो ते सांगायचे. असे करताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली : ज्या विषयाची घरची माहिती, तिथेच आमची उत्तरे छापील उत्तरतालिकेपासून दूर जात. शेती, पाणी, सहकारी बँका, ग्रामपंचायत या विषयांवर चौघांचे एकमत व्हायचे आणि तरी ते चुकायचे. तत्त्वज्ञानावरचा किंवा चित्रकलेवरचा उतारा कोणालाच ओळखीचा नसायचा, म्हणून सगळे ओळीला धरून राहायचे आणि उत्तर बरोबर यायचे.

नाशिक

माझा अनुभव थोडक्यात लिहिते. सकाळचा पेपर 12 वाजता सुटतो आणि दुपारचा 3 वाजता सुरू होतो. या मधल्या वेळात उत्तरे जुळवू नयेत, असे माझे ठाम मत आहे. राज्यघटनेवरचे दोन प्रश्न चुकल्याचे कळले की पुढचे दोन तास डोळे उताऱ्यावरून फिरतात, पण अर्थ आत जात नाही आणि तोच परिच्छेद तिसऱ्यांदा वाचावा लागतो. मी डबा घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसते आणि ओळखीच्या मुलींनाही तसे आधीच सांगून ठेवते. कोणीही रागावलेले नाही.

लातूर

मला दिसत नाही. लेखनिकाच्या मदतीने मी परीक्षा देते आणि तासाला 20 मिनिटे या हिशेबाने दोन तासांच्या पेपरला 40 मिनिटे वाढीव मिळतात. मैत्रिणी उत्तरे जुळवताना "तिसऱ्या परिच्छेदाची दुसरी ओळ बघ" असे सहज म्हणतात, पण माझ्याकडे ओळ नसते. आधी काय सांगितले, मग कोणत्या वळणावर "परंतु" आले आणि लेखक शेवटी कोणत्या बाजूला थांबला, हा क्रम मात्र माझ्याकडे पक्का असतो. त्यामुळे उताऱ्याचा मध्यवर्ती विचार कोणता, लेखकाचा सूर कसा आहे, अशा प्रश्नांवर मैत्रिणींची उत्तरे फुटतात तिथे माझे उत्तर बहुतेक वेळा तालिकेशी जुळते. याउलट अ, ब, क, ड अशी चार विधाने आणि त्यांच्या जोड्यांचे चार पर्याय एका दमात ऐकून लक्षात ठेवणे फार जड जाते. तिथे माझा वेळ आणि गुण दोन्ही जातात.

एका पेपरनंतर मैत्रीण मला प्रश्नपत्रिका पुन्हा वाचून दाखवत होती, तेव्हा एका प्रश्नात "अयोग्य विधान निवडा" असे होते आणि मी परीक्षेत "योग्य" ऐकल्याचे लक्षात आले. वाचणाऱ्याने घाईत पहिले अक्षर गिळले होते. तेव्हापासून मी लेखनिकाला प्रत्येक प्रश्न उताऱ्याच्या आधी, सावकाश आणि दोनदा वाचायला सांगते, आणि प्रश्न नकारार्थी असेल तर तसे वेगळे सांगायला लावते. ही जुळवणी झाली नसती तर गुण कुठे गेले हे मला कधीच कळले नसते.

पश्चिम विदर्भ, शासकीय सेवेत

2013 मध्ये हा पेपर आला तेव्हा त्याचे 200 गुण गुणवत्तेत धरले जात. एका प्रश्नाला अडीच गुण, म्हणजे पाच प्रश्नांचा एक उतारा हातचा गेला की साडेबारा गुण गेले, आणि कटऑफच्या, म्हणजे निवडीच्या किमान गुणांच्या, आसपासच्या मुलांसाठी तेवढ्यात वर्ष जात असे. त्या काळातली जुळवणी मी पाहिली आहे. मुले रात्रभर जागत आणि एकेका पर्यायासाठी मैत्री तुटेपर्यंत भांडत. 2022 पासून हा पेपर 33 टक्क्यांपुरता पात्रतेचा झाला, म्हणजे 200 पैकी 66 मिळाले की पुरे, गुण गुणवत्तेत धरले जात नाहीत; तो निर्णय योग्यच होता, कारण गणित सोडून कला शाखेकडे गेलेल्या मुलांवरचे मोठे ओझे त्याने उतरवले. मात्र आता पेपर सुटल्यावर मुले एकमेकांना "66 होतात ना?" एवढेच विचारतात आणि उतारा पुन्हा उघडत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते. नोकरीत रोज शासन निर्णय वाचावे लागतात, आणि निर्णयात प्रत्यक्ष काय लिहिले आहे व आपण काय धरून चाललो आहोत, यातला फरक चुकला तर एखाद्याचे अनुदान अडते.

दिल्ली, मूळ गाव धाराशिव जिल्ह्यात

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेत उतारे हिंदी आणि इंग्रजीत असतात, चुकीच्या उत्तरामागे प्रश्नाच्या एक-तृतीयांश गुण वजा होतात, आणि आयोगाची उत्तरतालिका अनेक वर्षे अंतिम निकालानंतरच येत असे. त्यामुळे राजेंद्रनगरमध्ये आम्ही खासगी क्लासच्या तालिकांवर अवलंबून राहायचो. 2023 चा पेपर सगळ्यांनाच अवघड गेला होता. गृहीतके ओळखण्याच्या प्रश्नांवर या तालिकाच एकमेकींशी जुळत नसत. एकीप्रमाणे मोजले तर पात्रतेच्या 66 गुणांच्या वर, दुसरीप्रमाणे मोजले तर खाली. अशा वेळी मी सर्वांत कमी गुण देणारी तालिका धरत असे आणि मुख्य परीक्षेचा अभ्यास दुसऱ्या दिवशी सुरू करत असे.

पुणे, स्पर्धा परीक्षांचे अध्यापन

तालिका का जुळत नाहीत, हे वर विचारले गेले नसले तरी सांगायला हवे. पेपर सुटल्यावर दोन-तीन तासांत तालिका बाहेर पडावी, असा क्लासचालकांचा आग्रह असतो. गणिताचे आणि तर्काचे प्रश्न त्या वेळेत होतात, उतारे होत नाहीत. आमच्याकडे चार शिक्षक एकमेकांशी न बोलता उतारे सोडवतात आणि जिथे चौघांचे जुळत नाही ते प्रश्न मी "मतभेद" या शीर्षकाखाली वेगळे छापावेत असा हट्ट धरते. पालकांना आणि मुलांना हे आवडत नाही, त्यांना एक ठाम उत्तर हवे असते; पण खोटा ठामपणा देऊन मुलाला आठवडाभर चुकीच्या आशेवर किंवा निराशेत ठेवणे मला योग्य वाटत नाही.

राज्य आयोगाची पहिली उत्तरतालिका आल्यावर हरकत घेता येते. सामान्य अध्ययनात प्रमाण ग्रंथाचे पान जोडतात. इथे उतारा हाच ग्रंथ. आपल्या पर्यायाला आधार देणारी ओळ द्यावी, तालिकेतल्या पर्यायाच्या बाजूची ओळही द्यावी, आणि दुसरी ओळ का पुरेशी नाही ते दोन-तीन वाक्यांत सांगावे. ज्यांच्याकडे असे प्रश्न आहेत त्यांनी इथे लिहिताना प्रश्न क्रमांकाबरोबर ए, बी, सी, डी यांपैकी आपला प्रश्नपत्रिकेचा संच आणि उताऱ्याचे पहिले वाक्यही लिहावे, कारण संचागणिक क्रमांक बदलतात आणि निम्मा वाद वेगवेगळ्या प्रश्नांवरच चाललेला असतो.