निग्रो लीगवाल्यांच्या सह्या : इतिहास की नुसता पुठ्ठा?

कॅन्ससवासी
परवा इथे 'बॉस्टनकर' यांनी लिहिलं की निग्रो लीगच्या (अमेरिकी बेसबॉलमध्ये गोऱ्यांच्या संघांत काळ्यांना मज्जाव होता, तेव्हाच्या त्यांच्या वेगळ्या लीग) खेळाडूंची सही केलेली चित्रकार्डं जमवणं हा पैसेवाल्यांचा पश्चात्ताप आहे, आणि १९८० नंतर कुठल्याशा हॉटेलात टेबलामागे बसून केलेली सही ऐतिहासिक कशी? दोन दिवस गप्प बसलो. आता नाही राहवत.

अहो, खेळत होते तेव्हा त्यांची कार्डं छापणार कोण होतं? निग्रो लीगचा नामांकित पिचर (चेंडू टाकणारा) सॅचेल पेज, त्याला मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च लीगमध्ये, घेतलं १९४८ साली, वयाच्या ४२ व्या वर्षी. टॉप्स या कार्ड कंपनीच्या १९५३ च्या कार्डावर त्याचं नावही धड छापलं नाही, एक 'एल' जादा. कूल पापा बेल, बक लेनर्ड या निग्रो लीगच्या दिग्गजांना मेजरचा एक सामना मिळाला नाही. हॉल ऑफ फेमने, म्हणजे बेसबॉलच्या सन्मान-दालनाने, बोलावलं ते उतारवयात. त्यानंतर हॉल ऑफ फेमवाल्यांची पेरेझ-स्टील कंपनीची चित्रकार्डं निघाली, त्यांवर त्यांनी सह्या केल्या. लेनर्डची १९८६ च्या पक्षाघातानंतरची थरथरती सही बघा आणि मग पुठ्ठा म्हणा.

आमच्या गल्लीत एक कृष्णवर्णीय आजोबा होते. त्यांचे वडील रविवारी चर्चमधून थेट, टाय-हॅटसकट, मोनार्क्सचा (कॅन्सस सिटीचा निग्रो लीग संघ) सामना बघायला जायचे. वृद्धाश्रमात जाताना आजोबांनी गराज सेल लावला, सगळं विकलं, मोनार्क्सच्या बक ओनीलच्या सहीचं एक कार्ड मागे ठेवलं. ते मला दिलं, कारण संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसून रॉयल्सची (आमचा मेजर लीग संघ) मॅच ऐकायला मीच असायचो. २००६ मध्ये हॉल ऑफ फेमने निग्रो लीगशी संबंधित १७ जणांना एकदम घेतलं आणि ओनीलला वगळलं. तरी त्याच समारंभात त्या सतरांसाठी बोलायला हाच उभा राहिला. ऑक्टोबरात गेला. त्याला घेतलं २०२२ मध्ये!

बॉस्टनकर
आजोबांबद्दल आदर आहे. पण तुम्हाला कार्ड भेट मिळालं. बाकीचे लिलावात बोली लावतात, आणि त्यातला एक सेंटही घरच्यांना जात नाही. शिवाय निग्रो लीगचा थोर फलंदाज जोश गिब्सन गेला जानेवारी १९४७ मध्ये, ३५ व्या वर्षी, जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून उतरून मेजर लीगमधली वर्णबंदी मोडायच्या तीन महिने आधी. त्याने कुठल्या हॉटेलात बसून सह्या केल्या? तुमच्या छंदात जो जास्त जगला तो मोठा.

जर्सीची मावशी
खरी की खोटी ते आधी बघा हो! आमच्या ह्यांनी रॉबिन्सनच्या सहीचं कार्ड आणलं, दिवाळीत सगळ्यांना दाखवलं. तपासायला पाठवलं तर 'खात्री देता येत नाही' असं उत्तर आलं. फी मात्र कापली. एफबीआयने 'ऑपरेशन बुलपेन'मध्ये नकली सह्यांची अख्खी टोळी पकडली होती, ते ह्यांना मी नंतर वाचून दाखवलं. रॉबिन्सनची सही हवी तर त्याने सही केलेले बँकेचे जुने चेक मिळतात, ते बघावेत.

आकडेमोड
गिब्सनचं नाव निघालंच आहे तर विचारतो. २०२४ मध्ये मेजर लीगने निग्रो लीगचे आकडे आपल्यात धरले आणि त्याची .३७२ ची कारकिर्दीची फलंदाजी सरासरी जुना विक्रमवीर टाय कॉबच्या वर नेऊन ठेवली. साठेक सामन्यांचे सीझन! हे आकडे शेजारी मांडायचे?

कॅन्ससवासी
लीगचे सामने साठ, कारण बाकीचे दिवस बसमध्ये आणि गावोगावच्या मैदानांवर पोट भरण्यात जायचे. ते सामने मोजलेच नाहीत. कॉबने काळ्या पिचरांना वगळलेल्या लीगमध्ये केलेली सरासरी तुम्हाला चालते, तिच्यापुढे कुणी शंकेची फुली मारली नाही.

आकडेमोड
फुलीचं बोलत नाही, नमुन्याचं बोलतोय. संख्याशास्त्र शिकवतो मी.

ठाणे टू टोलिडो
सर, कोविडच्या २०२० सीझनमध्ये मेजर लीगचेही साठच सामने झाले. ते आकडे पुसले का? की तिथे नमुना पुरतो?

आकडेमोड
एका सीझनचं आणि अख्ख्या कारकिर्दीचं... बरं. २०२० चा मुद्दा बिनतोड आहे. 'सर' न म्हणता सांगता आला असता.

बॉस्टनकर
धागा सह्यांचा होता. सरासरीवर वीस प्रतिसाद आणखी येतील, माझ्या प्रश्नाला उत्तर एक नाही.

कॅन्ससवासी
ज्या गावच्या रेड सॉक्स संघाने १९५९ पर्यंत एक काळा खेळाडू उतरवला नाही, त्या गावाहून आम्हाला पश्चात्ताप शिकवू नका.

बॉस्टनकर
मी इथे आलो १९९८ ला, एच-वनवर. रेड सॉक्सचा तो पहिला काळा खेळाडू, पंप्सी ग्रीन, त्याला मी अडवलं नव्हतं. वैयक्तिक जाऊ नका.

कॅन्ससवासी
गेलो, चुकलं. गिब्सनचंही खरं आहे तुमचं. माझ्या अल्बममध्ये त्याचा कप्पा रिकामाच आहे. पण त्यामुळे लेनर्डने उरलेल्या हाताने केलेली सही खोटी ठरते का?

बॉस्टनकर
नाही ठरत. घ्या, झालं समाधान? आता ते लेनर्डचं कार्ड कितीला पडलं तेवढं सांगा. पश्चात्ताप परवडतो का बघतो.

जर्सीची मावशी
आधी तपासून घ्या!