बहीण ३००० मीटर पळते. यात पुढं पोट भरतं का?

कास्तकाराचा पोरगा (दारव्हा तालुका, यवतमाळ):

नमस्कार मंडळी. माझी लहान बहीण अकरावीत आहे, सतरा वर्षांची. आमच्या गावाजवळून शकुंतलेचे, म्हणजे आमच्याकडच्या जुन्या छोट्या रेल्वेचे, रूळ जातात. गाडी बंद पडली तेव्हापासून त्या कडेच्या पायवाटेनं ती रोज पहाटे पळते. यंदा जिल्ह्यात ३००० मीटरला पहिली आली, ११ मिनिटं १२ सेकंद.

आमच्याकडं दर रविवारी कुठं ना कुठं खुली दौड असते. जयंती, गणपती, कुणाचा वाढदिवस. दोन महिन्यांत सात दौडी पळाली, पाच जिंकल्या. खरं सांगतो, त्याच पैशात सोयाबीनच्या फवारणीचं औषध आलं. पण आता तिचा टाइम मागं चाललाय आणि घागर घेऊन पायऱ्या चढली तरी धाप लागते.

बाबा म्हणतात पोलीस भरतीची तयारी कर. ती म्हणते, मला ललिता बाबरसारखं पळायचं आहे. लांब पल्ल्याच्या धावपटूचं घर चालतं तरी कशावर?

माजी जवान (वाशीम):

दादा, मुख्य आधार नोकरीचाच. आपला अविनाश साबळे बीडच्या मांडव्याचा, बारावीनंतर महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला. स्टीपलचेसला, म्हणजे अडथळे आणि पाणी ओलांडत पळायच्या ३००० मीटरच्या शर्यतीला, आला २०१७ मध्ये. २०२२ ला बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ ला हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. पगार, खुराक, सराव सगळं फौजेनं सांभाळलं. सतराव्या वर्षी घाई करू नका एवढंच सांगतो.

पाच हजारवाली (नागपूर):

भाऊ, मी स्वतः यवतमाळ जिल्ह्यातली. ५००० आणि १०००० पळायची, आता खेळाडू कोट्यातून पोलीस दलात आहे. तुझा प्रश्न वाचला आणि रात्रभर मनातून गेला नाही.

आधी त्या रविवारच्या दौडी. एकोणिसाव्या वर्षी मला माझ्या तेव्हाच्या सरांनी चार आठवड्यांत तीन शर्यती पळवल्या, सगळ्या डांबरावर. नडगीत बोट ठेवलं की एका ठिकाणी जीव जायचा. मी म्हणाले दुखतंय, ते म्हणाले अंग चोरतेस. तिसऱ्या शर्यतीत आठव्या किलोमीटरला पाय टेकवेना. एक्स-रेत काही दिसलं नाही, एमआरआयमध्ये हाडाला भेग निघाली. सहा महिने गेले, आणि त्याच सहा महिन्यांत राष्ट्रीय स्पर्धा होती. तिन्ही शर्यतींची बक्षिसं मिळून एमआरआयचा खर्चसुद्धा निघाला नाही.

आणि एक गोष्ट गावात कुणी सांगत नाही. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण वाढदिवसाच्या दौडीचं प्रमाणपत्र तिथं चालत नाही. मान्यताप्राप्त संघटनेची स्पर्धा लागते, प्रमाणपत्राची पडताळणी होते. म्हणजे त्या सातही दौडी तिच्या नोकरीच्या खात्यात शून्य आहेत. ॲथलेटिक्स संघटनेकडं तिची नोंदणी झाली आहे का, हे उद्याच बघ.

आता टाइमचं. ११:१२ म्हणजे ४०० मीटरची फेरी साधारण ९० सेकंदांत. ललिताताईंनी २०१६ ला रिओत स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत ९:१९.७६ काढले. त्यात २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या, तरी फेरी सरासरी ७५ सेकंदांच्या आत. अंतिम फेरीत त्या दहाव्या आल्या. हे तिला घाबरवायला लिहीत नाही. त्या आधी मुंबई मॅरेथॉन पळायच्या, स्टीपलचेस नंतर धरली. रेल्वेत नोकरी करत पळाल्या, पुढं राज्याच्या महसूल सेवेत गेल्या. वेळ लागतो, पण वाट आहे.

बाबांचंही चुकत नाही. भरतीत मुलींना ८०० मीटर असतं, त्याला २० गुण. तिच्यासारखीला ते जड नाही. पण वर्षभर नुसतं ८०० च घासत बसली तर लांबचा दम बांधला जात नाही. भरतीआधी काही आठवडे वेगाचा सराव पुरतो. बाकी वर्ष लांब आणि हळू पळू दे, इतकं हळू की पळताना गप्पा मारता आल्या पाहिजेत.

मला खरी काळजी त्या धापेची आहे. आधी रक्त तपास, हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) दोन्ही. आणि तुझ्या आईला विचारायला सांग, पाळी वेळेवर येते का. माझी आठ महिने बंद होती आणि मी खूश होते, सरावात खंड नाही म्हणून. खाणं कमी, पळणं जास्त, त्याचं ते लक्षण होतं, आणि हाड तिथंच कच्चं झालं. आपल्याकडं पोरगी सकाळी चहा पिऊन पळते, मग भाकर खाऊन कॉलेजला जाते. त्यावर आठवड्याला साठ किलोमीटर निघत नाहीत, बाप्पा.

कास्तकाराचा पोरगा:

ताई, काल तालुक्याला नेलं होतं. हिमोग्लोबिन ८.९. पाळीचं आईनं विचारलं, तीन महिने नाही आली. घरात कुणाला माहीतच नव्हतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, बाकीच्या तपासण्या लिहून दिल्या. रविवारी दिग्रसला दौड होती, रद्द केली. ती रडली. बाबा काही बोलले नाहीत, संध्याकाळी अंडी घेऊन आले.

पाच हजारवाली (नागपूर):

गोळी चहासोबत देऊ नका, चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाणी चालेल. पाळीच्या तपासण्या टाळू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पळणं बंद, शकुंतलेच्या कडेनं चालू दे फक्त. पाऊस असेल तर तेही नको, काळ्या मातीत बुटाला गारा चिकटतो आणि घोटा मुरगळतो.

बरी झाली की नागपूरला आण, मानकापूरचा सिंथेटिक ट्रॅक दाखवते. माझी स्पाइक्सची, म्हणजे ट्रॅकवर पळायच्या खिळ्यांच्या बुटांची, एक जुनी जोडी आहे, पाच नंबर. तिच्या पायाचं माप कळव.