पाचशेच्या नोटेत रात्र

कुणीतरी विचारलंय की मुंबईत दोघांना पाचशे रुपयांत रात्र काढता येईल का, आणि सल्ले सगळे लोअर परळच्या पबचे! तिथे पाचशेत एकाचंही भागायचं नाही.

आमचा जुना बेत सांगतो. दादरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात रात्रीचा प्रयोग, बाल्कनीचं तिकीट काढायचं. नट जरा लांब दिसतात, पण संवाद नीट ऐकू येतात. नाटक सुटलं की लोकलने चर्चगेट आणि चालत मरीन ड्राइव्ह. कट्ट्यावर बसलं की पाचेक मिनिटांत सायकलवाला चहावाला येतोच. हँडलला थर्मास, मागे कागदी कपांची चळत आणि बिस्किटं. भरतीची वेळ बघून जा. पावसाळ्यात लाट कट्ट्यावरून थेट अंगावर येते, त्या वेळी मागेच थांबा.

शेवटची लोकल एकच्या सुमारास निघते. ती चुकली तर पहिली थेट चारनंतर. (आमची एकदा चुकली होती, टॅक्सीने अख्ख्या बेताचे पैसे खाल्ले.) हल्ली मुद्दामच थांबतो आणि पहिल्या गाडीने दादरला उतरून फुलबाजारात जातो. अंधारातच झेंडूच्या गोण्या उतरत असतात, पायाखाली ओला चिखल, म्हणून चप्पल जुनी घाला.

जानेवारी २०२० पासून अनिवासी भागातल्या हॉटेलांना रात्रभर उघडं ठेवायची मुभा आहे खरी, पण त्या भरवशावर उपाशी निघू नका. भुर्जीपावाची गाडी दिसली की खाऊन घ्या.