लकव्यानंतर बाबांनी दम लागेपर्यंत व्यायाम करावा का?

मीनल_सातारा: बाबा ६४ वर्षांचे, एसटीत कंडक्टर होते. फेब्रुवारीत उजव्या अंगावरून लकवा गेला. बोलणं बरंच सुधारलंय, काठी घेऊन चालतात. फिजिओ हातापायाचे व्यायाम घेतात, पण कोपऱ्यावरच्या डेअरीपर्यंत गेले तरी धाप लागते. आत्या म्हणते, दमवू नका, परत झटका येईल. बाबांना तेवढंच निमित्त, दिवसभर खुर्चीत.

डावा_पाय: मला २०१९ मध्ये डाव्या बाजूला झाला. सहा महिने बसून काढले, ती चूक. मग स्टॅटिक सायकल घेतली. पंजा पेडलवरून सारखा घसरायचा, बायकोने वेल्क्रोचा पट्टा शिवून दिला. पहिल्या दिवशी चार मिनिटं, त्यातच घामाघूम. एक गाढवपणा सांगतो. घड्याळात नाडी ९०च्या वर जाईना, म्हणून मी जोर वाढवत गेलो आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. बीपीसाठी मेटोप्रोलॉल चालू होती, ती नाडी चढूच देत नाही! तेव्हापासून घड्याळ कपाटात. बोलता आलं पाहिजे, पण अभंग म्हणायला गेलं की मधेच श्वास तुटला पाहिजे, हे माझं माप.

फिजिओताई: माप अगदी बरोबर. लकव्यानंतर दमसास त्याच वयाच्या निरोगी माणसाच्या जवळपास निम्म्यावर येतो, त्यात पाय ओढत चालायला ताकदही जास्त लागते. म्हणून डेअरी लांब वाटते. आठवड्यातून ३ ते ५ दिवस, हळूहळू २० मिनिटांच्या पुढे न्यायचं. सुरुवातीला ५-१० मिनिटांचे तुकडे चालतील. आधी डॉक्टरांना दाखवून बीपी, ईसीजी बघून घ्या. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबायचं. तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं तर वाट न बघता थेट हॉस्पिटल. आणि आत्यांना सांगा, बसून राहिल्याने बीपी-शुगर वाढते, धोका त्याचा जास्त.

मीनल_सातारा: ईसीजी झाला, डॉक्टर हो म्हणाले. काकांकडची सायकल आणली, तिच्यावर टॉवेल वाळत असायचे. अभंग बाबांना येत नाहीत, ते पेडल मारत पुण्याच्या गाडीचे थांबे पुकारतात. आज लिंब, पाचवड, भुईंज खणखणीत, सुरूरला श्वास तुटला. खंबाटकी घाट परवा. आत्या समोर बसून तिकीट मागते.