६००० च्या वरची रॅम घेणं म्हणजे पैसे उधळणं, पटतंय का?

रामबागवाला
सरळ मुद्द्यावर येतो. इंदूरच्या जेलरोडला जा नाहीतर ऑनलाइन बघा, गेमिंग पीसीची यादी करायला घेतली की हल्ली प्रत्येकाला रॅमच्या डब्यावर ७२०० नाहीतर ८००० हा स्पीड लिहिलेला पाहिजे असतो, आणि त्याच यादीत ग्राफिक कार्ड मात्र एक पायरी खालचं. माझं म्हणणं एवढंच, की एएम५ बोर्डवर, म्हणजे एएमडीच्या नव्या रायझन प्रोसेसरच्या बोर्डवर, डीडीआर५ म्हणजे सध्याच्या पिढीच्या रॅमचं ६००० सीएल ३० (सीएल म्हणजे डेटा यायला लागणारे क्लॉकचे ठोके) चं दोन स्टिकचं किट घ्यावं आणि विषय मिटवावा. त्याच्या वरचा सगळा पैसा कार्डात टाका.

कारण सांगतो. सप्टेंबर २०२२ मध्ये रायझन ७००० आला तेव्हा एएमडीनेच ६००० ला स्वीट स्पॉट म्हटलं होतं. प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर रॅमच्या क्लॉकबरोबर एकास एक चालतो तो साधारण ६००० पर्यंत बिनघोर, ६४०० पर्यंत नशीब असेल तर, आणि त्याच्या वर गेलात की बोर्ड गुपचूप कंट्रोलरला अर्ध्या वेगावर टाकतो, मग आकडा दिसतो मोठा पण लेटन्सी, म्हणजे डेटा यायला लागणारा वेळ, वाढलेली असते. म्हणजे ७२०० चे पैसे मोजून गेममध्ये कधी कधी ६००० वाल्याच्या मागे राहायचं.

आणि नुसता स्पीड बघू नका, सीएल बघा. सीएल गुणिले २००० भागिले स्पीड, एवढंच गणित आहे. ६००० सीएल ३० म्हणजे १० नॅनोसेकंद. जुनी डीडीआर४ ३२०० सीएल १६, तिचेही १०. आणि स्वस्तात बसवून देतात ती ५६०० सीएल ४६, तिचे १६ च्या वर. डब्यावर ५६०० आणि ६००० शेजारी शेजारी दिसतात म्हणून कोणी वळूनही बघत नाही.

फ्रेमखाऊ
कार्ड कार्ड करतोयस पण खेळतोस काय ते तर सांग. मी काउंटर-स्ट्राइक २ आणि व्हॅलोरंट, १०८०पी, सगळं लो, मॉनिटर २४० हर्ट्झ. तिथे कार्ड अर्धं रिकामं बसलेलं असतं भिया, अडतो तो प्रोसेसर आणि प्रोसेसर अडतो रॅमपाशी. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) दाखवून रॅमने फरक पडत नाही म्हणणारे खूप बघितले, १ टक्का लो म्हणजे सगळ्यात वाईट १ टक्का फ्रेमचा आकडा दाखवा ना, स्मोक फुटल्यावर चार जण एकदम समोर आले की जो झटका बसतो तो तिथे दिसतो.

दुसरं, तुझ्याच गणिताने ३२०० आणि ६००० सारख्याच, दोघींचे १० नॅनोसेकंद, मग डीडीआर५ घ्यायचीच कशाला? कारण पहिला डेटा यायला लागणारा वेळ सारखा असला तरी मागून जो लोंढा येतो तो जवळपास दुप्पट आहे, दोन चॅनेल (दोन स्टिकचे दोन मार्ग) मिळून ३२०० ला सेकंदाला ५१ जीबी, ६००० ला ९६. हे लेटन्सीच्या गणितात कुठे बसवलंस?

आणि सगळं जग एएम५ वर नाही. इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीत डीडीआर५ साठी कंट्रोलर तसाही गिअर २ म्हणजे अर्ध्या वेगानेच चालतो, त्यामुळे तुझी ती ६४०० ची भिंत तिथे नाहीच. चांगल्या बोर्डवर ७२०० सीएल ३४ लावलं की साडेनऊच्या खाली येतं.

रामबागवाला
इंटेलचं मान्य, म्हणून तर पहिल्याच परिच्छेदात एएम५ लिहिलंय, वाचत जा.

पण ९६ जीबीचा आकडा कागदावरचा आहे. एका चिपलेटचा (कोअर असलेला एकच तुकडा) रायझन असेल, म्हणजे ७६००, ७७००, ९७००एक्स वगैरे, तर प्रोसेसर आणि मेमरी कंट्रोलरच्या मधे इन्फिनिटी फॅब्रिक नावाची जोडणी बसलीय आणि ती २००० मेगाहर्ट्झला सेकंदाला ६४ जीबीच्या वर वाचू देत नाही. टाकीला मोठी पाइपलाइन लावून उपयोग काय, नळ अर्ध्या इंचाचाच आहे. म्हणून तिथे स्पीड वाढवण्यापेक्षा लेटन्सी कमी केलेली परवडते, हेच तर सांगतोय.

आणि ज्याला खरंच २४० एफपीएस पाहिजेत त्याने रॅमवर जास्तीचे देण्यापेक्षा ७८००एक्स३डी कडे बघावं. ९६ एमबी एल३ कॅश, म्हणजे प्रोसेसरमधलीच छोटी वेगवान मेमरी, आहे, बरंचसं काम तिथल्या तिथे होतं, रॅमकडे जावंच कमी लागतं. त्या प्रोसेसरवर ५६०० आणि ६४०० मधला फरक मोजायला भिंग लागेल.

फ्रेमखाऊ
म्हणजे रॅमचे चार-पाच हजार वाचवायला प्रोसेसरवर वीस हजार जास्त टाका, वा रे हिशोब 😂

सुदामानगरचे काका
मुलांनो, तुम्ही ७२०० आणि ६००० वर भांडताय आणि इकडे लोकांना अजून एकच स्टिक टेकवतात. आमच्या गल्लीत एका मुलाने असेंबल करून आणला, डब्यावर मोठ्ठं गेमिंग लिहिलेलं, उघडून बघितलं तर १६ जीबीची एकच स्टिक. विचारलं तर म्हणे दुकानदार म्हणाला डीडीआर५ एक असली तरी आतून ड्युअल चॅनेल असते. अरे, ते अर्धसत्य आहे. डीडीआर५ च्या एका स्टिकमध्ये ३२-३२ बिटचे दोन सबचॅनेल असतात हे खरं, पण बेरीज ६४ बिटच झाली ना, डीडीआर४ च्या एका स्टिकएवढीच. दुसरी लावल्याशिवाय रुंदी दुप्पट होत नाही. १६ ची एक घेण्यापेक्षा ८-८ च्या दोन घ्या नाहीतर सरळ १६-१६, आणि चार स्लॉटचा बोर्ड असेल तर प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा.

भाव_विचारून_येतो
काका, सल्ला पुस्तकात छान आहे पण भाव बघितलेत का? २०२५ च्या मधे ३२ जीबीचं जे ६००० किट दहा हजाराच्या आसपास मिळायचं ते वर्षअखेर दुपटीच्याही वर गेलं. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन, जगात मोठे बनवणारे मुळात हे तीनच, आणि तिघांचाही माल एआयच्या डेटा सेंटरकडे वळलाय, मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये क्रुशल हा आपला किरकोळ विक्रीचा ब्रँडच बंद करायचं जाहीर केलं. अशा वेळी मी तर म्हणतो १६ ची एक आज घ्या आणि भाव उतरला की दुसरी. ८-८ च्या दोन घेतल्या तर ३२ वर जाताना दोन्ही काढून फेकायच्या की काय?

सुदामानगरचे काका
फेकायच्या नाहीत, विकायच्या. जुन्या रॅमला हल्ली गिऱ्हाईक तयारच असतं. दुसरी स्टिक नंतर आणलीस तर नाव तेच, मॉडेल तेच आणि आतली चिप वेगळ्या कंपनीची असं सर्रास होतं. कधी चालतात, कधी एक्सपो (डब्यावरचा स्पीड चालू करणारी सेटिंग) लावलं की पीसी चालूच होत नाही आणि दुकानदार म्हणतो दोन्ही स्टिक वेगवेगळ्या तर चालतायत, वॉरंटीत बसत नाही.

भाव_विचारून_येतो
चालल्या तर चालल्या, नाही चालल्या तर स्पीड थोडा उतरवायचा. वर्षभर गेम तर खेळला ना. सगळं एकदम परफेक्ट घेण्याच्या नादात माझे दोन मित्र आजही मोबाइलवरच खेळतायत.

आरजीबी_भक्त
मधेच एक. चारही स्लॉट भरले तर काय वाईट? ८ च्या चार, भाव तोच, आणि काचेतून रिकामे स्लॉट दिसत नाहीत.

रामबागवाला
दिवाळीची माळ लाव त्यापेक्षा. रायझन ७००० ला दोन स्टिकवर एएमडीचा अधिकृत स्पीड ५२०० आहे आणि चार लावल्या की ३६००. अधिकृतच्या वर जाता येतं पण चार स्टिकवर ६००० टिकेलच असं कोणी छातीठोक सांगणार नाही. ज्यांना चारच दिसायला पाहिजेत त्यांच्यासाठी नुसत्या दिव्यांच्या नकली स्टिक मिळतात, थट्टा नाही, खरंच विकतात.

टायमिंगबहाद्दर
दोन्ही बाजू अर्ध्यातच थांबल्या. खरी कमाई ना ६००० मध्ये ना ७२०० मध्ये, ती सबटायमिंगमध्ये, म्हणजे सीएलच्या मागच्या बारीक टायमिंगमध्ये, आहे. एक्सपो लावून सोडून दिलेलं किट म्हणजे ढिल्या टायमिंगवर चालणारं किट, कारण कंपनीला ते हजार बोर्डांवर चालवून दाखवायचं असतं. हायनिक्सच्या चिप असतील तर टीआरएफसी (रिफ्रेशला लागणारा वेळ) खाली आणा, टीआरईएफआय (दोन रिफ्रेशमधलं अंतर) वर न्या, एक रुपया न देता फरक दिसतो. किट घेताना आत चिप कोणाची ते विचारा, पत्र्याच्या हीटसिंकला काय बघताय.

फ्रेमखाऊ
हेच सांगायला आलो होतो 👆

रामबागवाला
आणि हे सगळं जानेवारीत करून बसा. मे महिन्यात इंदूर ४२ ला टेकलं, खोलीत एसी नाही, कार्डाची गरम हवा थेट रॅमवर, की तेच टीआरईएफआय वर नेलेलं किट हळूच चुका करायला लागतं. टीआरईएफआय वाढवणं म्हणजे मेमरीला दोन रिफ्रेशच्या मधे जास्त वेळ ताटकळत ठेवणं, आणि तापलेली मेमरी लवकर विसरते. निळी स्क्रीन आली तर निदान कळतं तरी, पण गेमची फाइल किंवा विंडोज गुपचूप बिघडलं तर माणूस आठवडाभर ग्राफिक ड्रायव्हरला शिव्या देत बसतो. ज्याला रात्रभर मेमटेस्ट चालवायची हौस आहे त्याने जरूर करावं. मावसभावाला पीसी ठरवून देताना मी हे सांगणार नाही.

टायमिंगबहाद्दर
रॅमवर एक साधा पंखा फिरव ना. १२० चा, दोन-चारशे रुपयांचा. उन्हाळ्याला घाबरून टायमिंग सोडणार का?

भंवरकुआ_हॉस्टेल
सगळे कार्डात पैसे टाका म्हणताय, पण ज्याच्याकडे कार्डच नाही त्याचं काय? मी ८६००जी वर खेळतो, प्रोसेसरमधलेच ग्राफिक्स. त्याला स्वतःची मेमरी नसते, सगळं या रॅममधूनच घ्यायचं, एका बऱ्यापैकी कार्डाला जिथे सेकंदाला २०० जीबीच्या वर मिळतं तिथे याला ९६ मध्ये प्रोसेसरबरोबर वाटून घ्यावं लागतं. आणि ते चिपलेट आणि ६४ जीबीच्या नळाचं जे वर लिहिलंय ते इथे नाही, ही एकच चिप आहे. म्हणजे ज्याचं बजेट सगळ्यात कमी त्यालाच फास्ट रॅम सगळ्यात जास्त लागते, आणि तुमचा सल्ला नेमका त्याच्यासाठी उलटा पडतो.

फ्रेमखाऊ
घ्या! आता बोला रामबागवाले.

रामबागवाला
बोलतो की. ज्याच्याकडे कार्ड नाही त्याच्यासाठी रॅम हेच कार्ड, त्याने ६००० च काय ६४०० घेतली तरी मी ब्र काढणार नाही. पण जेलरोडला ७२०० मागणारे ८६००जी वाले नसतात रे, ते ६० हर्ट्झचा मॉनिटर घेऊन १४४०पी अल्ट्राच्या गप्पा मारणारे असतात.

भंवरकुआ_हॉस्टेल
ते असोत. माझी तक्रार वेगळीच आहे. एवढं वाचून ६००० चं किट घेतलं, ८-८ चं, आणि काकांनी सांगितलंय त्याच स्लॉटमध्ये आहे, तरी जीटीए ५ मध्ये आधीच्या ४८०० एवढेच एफपीएस. म्हणून मला तर हा सगळा वादच फालतू वाटायला लागलाय.

सुदामानगरचे काका
टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा, उजवीकडे खाली स्पीड किती लिहिलाय ते वाच.

भंवरकुआ_हॉस्टेल
४८००

टायमिंगबहाद्दर
😂😂😂

सुदामानगरचे काका
हसू नका रे, निम्मं शहर असंच चालतंय. बाळा, डब्यावर काहीही लिहिलेलं असलं तरी बोर्ड सुरुवातीला बेताच्या स्पीडवरच चालवतो. बायॉसमध्ये (पीसी चालू होताना उघडते ती बोर्डाची सेटिंग) जा, एक्सपो शोध, किट इंटेलवाल्यांसाठीचं असेल तर एक्सएमपी लिहिलेलं असेल, ते चालू कर आणि सेव्ह करून बाहेर ये. पहिल्यांदा स्क्रीन काळी राहील, मिनिटभर नाही, चांगली चार-पाच मिनिटं राहू शकते, बोर्ड मेमरीचं ट्रेनिंग करत असतो. घाबरून पॉवरचं बटण दाबू नकोस आणि तेवढ्यात हॉस्टेलची लाइट जाणार नाही अशी वेळ बघून कर.