विषय: पोदेंसची बस – रविवार की मंगळवार?

नमस्कार मंडळी,
ईशान्य पोर्तुगालमधल्या पोदेंस गावच्या कार्निव्हलला जायचं आहे, बसवाल्याला शुक्रवारपर्यंत तारीख कळवायची आहे. कार्यकारिणीचा कल रविवार, ७ फेब्रुवारी २०२७ कडे. लिस्बनहून जवळपास पाच तास, तेव्हा मुक्काम धरूनच चला. नावं माझ्याकडेच द्या, व्हॉट्सॲपवर वेगळी यादी नको. मागच्या वेळचा घोळ आठवत असेलच.
– चिटणीस

रविवारी कारेतू, म्हणजे तिथले मुखवटेवाले सोंगाडे, दिसतील, पण मोठा पुतळा जाळतात मंगळवारी. तो न बघता परत यायचं म्हणजे होळी न पेटवता शिमगा. मंगळवारच ठेवा.
– अण्णा, कोइंब्रा

अण्णा, कार्निव्हलच्या मंगळवारची सुट्टी कायद्याने सक्तीची नाही हो. सरकार आपल्या कर्मचाऱ्यांना सवलत देतं, २०१२ साली तीही दिली नव्हती. आमच्या ऑफिसात त्या दिवशी काम असतं. शाळा बंद, आईबाप कामावर!
– अल्माडाची वहिनी

सुट्टीचं बघता येईल. कारेतू कमरेच्या घंटा मुलीबायकांवर आपटतात, त्याचं काय? माझी लेक सोळाची आहे. २०१९ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत या कार्निव्हलचं नाव आलं म्हणून तिने हे सोसायचं का? मला पटत नाही.
– सेतुबालहून

काळजी रास्त आहे. मी जाऊन आले आहे. पत्र्याचे नाहीतर चामड्याचे मुखवटे, अंगभर लाल-हिरव्या-पिवळ्या लोकरी झालरी. धावत आले की धडकीच भरते. मुलींना मधे घ्या, नको असेल तर हात आडवा करून स्पष्ट सांगा. गुहागरला शिमग्यात संकासुर अंगणात आला की आम्ही पोरं माजघरात पळायचो, आजी मात्र दारातच उभी राहायची. पोदेंसला लहान मुलंही तोच वेश करून मोठ्यांमागे फिरतात, ते जरूर बघा. आणि डबा घ्या. तिथलं बुतेलू म्हणजे हाडांसकट भरलेलं डुकराचं धुरावलेलं सॉसेज. सोबतच्या वाळक्या शेंगाही त्याच पातेल्यात शिजतात.
– माई

माई, ठेपले मी करते. दही कोण आणेल?
– अल्माडाची वहिनी

एवढ्या लांब कशाला? तोर्रेस व्हेद्रासचा कार्निव्हल लिस्बनहून पन्नासेक किलोमीटरवर आहे. चित्ररथांवर पुढाऱ्यांची यथेच्छ टर, बायकांच्या वेशातले पुरुष. मुलं खूश होतात.
– काका, ओदिव्हेलास

काका, चित्ररथ दरवर्षी बघतोच की. गावातल्या माणसांनी स्वतःसाठी जपलेलं काही या मुलांना एकदा तरी दिसू दे. मंगळवार.
– अण्णा

डब्यासाठी वेगळी मेल काढा. तारखेसाठी फक्त ‘रविवार’ किंवा ‘मंगळवार’ लिहा, सोबत मुलांची वयं.
– चिटणीस

मंगळवार. चार जण, मुलं ९ आणि १२. दही आम्ही आणू.
– सिंत्राहून